हवा लहान करता येत नाही

मैदानाच्या कडेला गवतात उभी असलेली पिवळी पायपर कब लोक गुडघ्यांवर बसून बघत होते. रेडिओनं उडवायचं मॉडेल, त्याच नावाच्या छोट्या मूळ विमानाच्या बरोबर एक अष्टमांश मापाचं. दाराच्या बिजागऱ्या, पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरप्या दांड्या, नाकाच्या दोन्ही अंगांनी बाहेर डोकावणारी इंजिनाची चार सिलिंडरं, धडावरची काळी नागमोडी रेघ, सगळं जिथल्या तिथे. मग तिनं उड्डाण केलं आणि काहीतरी बिनसलं. मोटर पूर्ण जोरात ओरडत होती तरी चाकं जमीन सोडेनात. वर गेल्यावर जरा घट्ट वळण घेतलं की आतला पंख खाली पडायचा, आणि डोक्यावरून गेली ती सुसाट. मोडलं काही नाही, उतरलीही नीट. पण कबचं ते आरामात, जवळजवळ रेंगाळत जाणं त्यात कुठेच नव्हतं. जमिनीवर हुबेहूब दिसणारी वस्तू हवेत गेल्यावर इतकी परकी का वाटावी, हे डोक्यातून जाईना.

उत्तर वजनकाट्यावर होतं. दीड किलो.

स्केल मॉडेल म्हटलं की माणूस आधी पट्टी हातात घेतो. मूळ कबचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७४ मीटर, म्हणजे एक अष्टमांशात १३४ सेंटिमीटर. लांबी ६.८३ मीटर, म्हणजे ८५ सेंटिमीटर. इथवर भागाकार सरळ आहे. पंखाचं क्षेत्रफळ मात्र आठाच्या वर्गानं, ६४ पटीनं घटतं आणि जेमतेम २६ चौरस डेसिमीटर उरतं. वजन घनानं, ५१२ पटीनं घटायला हवं. पूर्ण भरलेली कब ५५३ किलोची, म्हणून आपली १०८० ग्रॅमची. हा झाला कागदावरचा न्याय. हवेला तोही पुरत नाही, कारण हवा आपल्यासाठी लहान होत नाही. तिचा दाटपणा, तिचा चिकटपणा मोठ्या विमानाला होता तोच राहतो. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखावरून ताशी ४० किलोमीटरनं जाणाऱ्या हवेचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वाहत्या हवेचा जोर तिच्या चिकटपणाच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा, दीड लाखाच्या आसपास असतो. मूळ विमानाचा ताशी १२० किलोमीटरला पस्तीस लाखांच्या वर जातो. एवढ्या खालच्या अंकाला हवा पंखाच्या पाठीला धरून राहायला कुरकुरते, लवकर सुटते, आणि तोच पंख मूळच्यापेक्षा कमी भार उचलतो. म्हणून हिशेबातल्या १०८० ग्रॅमच्याही खाली, ९०० ग्रॅमपर्यंत उतरलेली कब कबसारखी उडते. खरी कब ताशी १२० नं जात असेल, तर आठाच्या वर्गमुळानं भागून आपली ताशी ४२ च्या आसपास गेली की डोळ्याला पटते. ९०० ग्रॅमला ती ताशी २५ च्या सुमारास पडायला लागते, म्हणजे त्याहून हळू गेली की पंख तिला पेलत नाही. १५०० ग्रॅमला तोच आकडा ३२ च्या जवळ जातो, आणि सुरक्षित राहायचं तर वेग सतत त्याच्या बराच वर ठेवावा लागतो. सुसाट जाण्यामागे चालवणाऱ्याचा हात नव्हता, वजन होतं.

म्हणून माझ्या मते विमान बांधायला घेण्याआधी प्लॅनवर टाचणी टोचायची नाही, कागदावर ग्रॅम मांडायचे. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी १८० ग्रॅम. मोटर, तिचा माउंट आणि प्रॉपेलर मिळून १००. स्पीड कंट्रोलर ३०, रिसीव्हर १०, नऊ ग्रॅमचे चार सर्वो, म्हणजे पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, वायरींसकट ५०. चाकं आणि पियानो वायरचे पाय ७०. वरचं आवरण ५०. बिजागऱ्या, पुशरॉड म्हणजे सर्वोपासून त्या पट्ट्यांपर्यंत जाणाऱ्या दांड्या, स्क्रू, गोंद ५०. झाले ५४०. लाकडाला राहिले ३६०. या ३६० मध्ये पंख, धड, शेपूट, सगळं बसवायचं आहे. बांधणाऱ्याच्या हातात खरोखर असलेला आकडा हाच.

आणि तो बाल्सावर अवलंबून आहे. वनस्पतिशास्त्रात हे झाड कठीण लाकडाच्या वर्गात मोडतं, कारण ते रुंद पानांचं आणि फुलणारं आहे. हातात घेतल्यावर मात्र नखानं सहज दबतं. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो आणि सहा ते दहा वर्षांत तोडायला तयार होतो. इतक्या घाईनं वाढलेल्या लाकडाच्या पेशी मोठ्या, भिंती पातळ. ओलं असताना पाण्यानं भरलेलं, भट्टीत वाळवलं की आत निव्वळ हवा. पण झाडागणिक, इतकंच काय, एकाच खोडाच्या आतल्या आणि बाहेरच्या भागातही वजन बदलतं. दीड मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटर रुंद, एक मीटर लांब फळीत १५० घन सेंटिमीटर लाकूड असतं. त्यातली एक १५ ग्रॅमची निघते, शेजारची ३० ची. दिसायला दोन्ही सारख्याच फिक्या. म्हणून गठ्ठा घरी आला की प्रत्येक फळी काट्यावर ठेवून कोपऱ्यात पेन्सिलीनं वजन लिहायचं. या एका सवयीनं जितके ग्रॅम वाचतात, तितके पुढे भोकं पाडून कधीच वाचत नाहीत.

वजनानंतर काप. फळी उजेडाला धरून तिरकी फिरवली की कळतं. लांब सरळ रेषा दिसल्या आणि फळी रुंदीत सहज वळली, तर ती ए ग्रेन. धडाची गोलाई किंवा पंखाची पुढची कड मढवायला हीच. पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे चमकते ठिपके दिसले आणि रुंदीत वाकवताना फळी कडक लागली, तर ती सी ग्रेन. ही वाकवायला गेलं की चिरते, पण रिबसाठी, म्हणजे पंखाच्या फासळ्यांसाठी, हिच्यासारखी दुसरी नाही. दोन्हींच्या मधलं ते बी ग्रेन, किरकोळ भागांसाठी. शेपटीला सगळ्यांत हलकं लाकूड राखून ठेवावं, कारण शेपूट सीजीपासून, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूपासून, लांब असते आणि तिथला एक ग्रॅम तोलायला कबसारख्या विमानात नाकात जवळपास तीन घालावे लागतात. जड पण सरळ रेषांच्या पट्ट्या टाकायच्या नाहीत. लॉन्जेरॉनना, म्हणजे धडाच्या लांब कण्यांना, त्याच लागतात.

पंखाची सुरुवात रिबपासून. दीड मिलिमीटर प्लायवूडचे दोन साचे कापायचे, मध्ये सी ग्रेनचे चौकोनी तुकडे रचायचे, तीन मिलिमीटरच्या दोन बोल्टनी आवळायचे आणि सगळा ठोकळा एकदम घासायचा. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या मुख्य दांड्यांच्या, खाचाही तशाच एकदम कापायच्या, म्हणजे स्पार सरकवताना एकेक रिब कुरतडत बसावं लागत नाही. खाच सैल झाली तर तिथे गोंद भरला जातो आणि गोंद लाकडापेक्षा कितीतरी जड. स्पार बोटाच्या हलक्या दाबानं बसावा, आपण होऊन गळून पडू नये, इतकी खाच बरोबर.

प्लॅन सपाट सॉफ्टबोर्डवर पसरायचा, वर पारदर्शक प्लास्टिक. बोर्ड सपाट आहे की नाही हे लांब लोखंडी पट्टी उभी धरून बघावं, कारण बोर्डाला पोक असेल तर तो पंखात उतरतोच. पाच मिलिमीटर चौकोनी पाइनचा खालचा स्पार टाचण्यांनी धरायचा. टाचणी लाकडातून घालायची नाही, दोन्ही बाजूंनी कात्रीसारखी तिरपी लावायची. भोक पडलं की स्पार तिथेच तुटतो. रिब एकेक करून गुण्यानं उभ्या करायच्या, वरचा स्पार बसवायचा, पुढची आणि मागची कड जोडायची. मग येतं शिअर वेब, म्हणजे दोन स्पारच्या मधली भिंत, आणि हिची रेषा उभी हवी. हे सारखं सांगावं लागतं, कारण आडवी रेषा लावणं सोपं असतं, पट्टी लांबच लांब कापून चिकटवता येते. पंखावर भार आला की वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि दोन्ही एकमेकांवरून सरकू पाहतात. उभ्या रेषेचं वेब त्यांना आपापल्या अंतरावर धरून ठेवतं. आडव्या रेषेचं वेब रेषेवरच फाटतं, मग वरचा स्पार आत दबून मोडतो आणि पंख हवेत मिटतो. उभ्या रेषेच्या दीड मिलिमीटर वेबचं अख्ख्या पंखातलं वजन दहा-बारा ग्रॅमच्या पुढे जात नाही.

टोकाकडे मागच्या कडेखाली सहा-सात मिलिमीटरची पाचर ठेवून पंखाला दोन अंशांचा पीळ द्यायचा. याला वॉशआउट म्हणतात. वळणात वेग कमी झाला की पंखाची उचल आधी मुळाशी सुटावी, टोकाशी शेवटी, यासाठी तो. लहान मापाच्या विमानाला तो मूळ विमानापेक्षा जास्त लागतो, कारण खालच्या रेनॉल्ड्स अंकाला हवा पंखावरून लवकर सुटते. दोन्ही पंखांचा पीळ सारखा हवा. पुढच्या कडेवर एक मिलिमीटरचा ए ग्रेन मढवायचा असेल तर फळीचा बाहेरचा अंग ओल्या फडक्यानं पुसायचा. ओली बाजू फुगते आणि फळी हवी तिकडे आपोआप वळते. पूर्ण वाळल्याशिवाय मात्र चिकटवायची नाही, नाहीतर वाळताना आकसते आणि पंखाला नको तो पीळ घालते.

धडाबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. दोन बाजू एकावर एक बांधतात, मध्ये प्लास्टिक ठेवून, आणि त्या जुळ्या दिसतात. शेपटीकडे ओढून एकत्र आणल्या की मात्र धड केळ्यासारखं एका बाजूला वाकतं. प्लॅन बरोबर, कापणी बरोबर, तरी वाकतं. कारण एका बाजूचा लॉन्जेरॉन दुसऱ्यापेक्षा कडक असतो. तो कमी वाकतो, मऊ बाजू जास्त. यावर उपाय बांधण्याआधीचा आहे. सहा मिलिमीटरच्या सगळ्या पट्ट्या टेबलाच्या कडेला सारख्याच लांबीनं बाहेर काढून धरायच्या, टोकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचा आणि कोण किती लवते ते मागे उभ्या धरलेल्या पट्टीवर बघायचं. सारख्या लवणाऱ्या दोन वर, सारख्या लवणाऱ्या दोन खाली. पाच मिनिटांचं काम आहे. जोडताना प्लॅनवर मधली रेघ आखून प्रत्येक आडव्या तुकड्याचा मध्य तिच्यावर आणायचा, आणि या टप्प्याला सीए, म्हणजे झटपट धरणारा सायनोअॅक्रिलेट गोंद, वापरू नये असं माझं ठाम मत आहे. पातळ सीए क्षणात धरतो, चूकही क्षणात धरून ठेवतो. पांढरा लाकडी गोंद दहा मिनिटं सरकवू देतो, वाळताना त्यातलं पाणी उडून जातं, वजनही उतरतं. सीएची जागा घट्ट बसलेल्या सांध्यात. फट भरायचं काम त्याचं नाही. एपॉक्सी ओतली तितकीच जड राहते, म्हणून ती फक्त मोटरचा भार घेणाऱ्या फायरवॉलला आणि पायांच्या प्लायला. तिथे तीस मिनिटांचीच घ्यावी, कारण पाच मिनिटांची लाकडात मुरण्याआधीच घट्ट होते.

आज या सगळ्या कसरतीत वीज सगळ्यांत सोपी होऊन बसली आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोंस पेनोचं मॉडेल पिळलेल्या रबरावर ११ सेकंद उडालं होतं. विजेवर रेडिओनं चालवलेल्या मॉडेलचं पहिलं अधिकृत नोंद झालेलं उड्डाण त्यानंतर ८६ वर्षांनी, ३० जून १९५७ ला. कर्नल टॅप्लिन यांचं ‘रेडिओ क्वीन’, चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांवर. बॅटरीचं वजन ही अडचण पुढेही कित्येक दशकं हटली नाही. आता ९०० ग्रॅमच्या कबला १२० ते १३० वॉट पुष्कळ होतात, म्हणजे ११ व्होल्टला सुमारे १२ अँपिअर. ९०० केव्हीच्या आसपासची, म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला ९०० फेरे घेणारी, आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी) मोटर, १० गुणिले ५ चा, म्हणजे १० इंच व्यासाचा आणि ५ इंच पिचचा प्रॉपेलर, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर. मूळ कबचा प्रॉपेलर एक अष्टमांशात ९ इंच येतो, त्यामुळे १० इंची डोळ्याला खटकत नाही. केव्ही जास्त घेऊन लहान प्रॉपेलर जोरात फिरवण्याचा मोह टाळावा. कबला वेग नको, ओढ हवी. वॉटमीटर लावून प्रत्यक्ष अँपिअर मोजल्याशिवाय उडवू नये. एक इंच मोठा प्रॉपेलर करंट इतका वाढवतो की कंट्रोलर हवेतच गरम होऊन बंद पडू शकतो. गरम हवा बाहेर जायला धडाच्या पोटात भोक ठेवायचं, आत येणाऱ्या भोकापेक्षा मोठं. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. टेबलावर ही सगळी जुळणी प्रॉपेलर काढूनच. बॅटरी सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नये, आणि ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास.

सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांत. पहिल्या उड्डाणाला ५ च्या बाजूला असलेला बरा. नाक जड विमान आळसावतं, शेपूट जड विमान हातात राहत नाही. नाकात शिसं भरणं म्हणजे वजनाच्या यादीशी दगा. त्याऐवजी बॅटरीचा कप्पा फायरवॉलला टेकेल इतका पुढे न्यावा, सर्वो पंखाखालीच ठेवावेत आणि शेपटीपर्यंत बारीक कार्बनची दांडी न्यावी. ही आखणी धड उघडं असतानाच करायची, आवरण चढल्यावर हात आत जात नाही.

आवरणाची फिल्म चढवण्याचा दिवस सगळ्यांना आवडतो, कारण सांगाडा एका संध्याकाळीत विमान दिसायला लागतो. पण मेहनतीनं सरळ बांधलेला पंख वाकडा होण्याचा दिवसही हाच. इस्त्री शंभर-एकशेदहा अंशांवर ठेवून फक्त कडा चिकटवायच्या. खालचा अंग आधी, वरचा नंतर. दोन्ही अंग चढल्याशिवाय ताण द्यायचा नाही. एकाच बाजूनं आकसलेली फिल्म पंखाला धनुष्यासारखं ओढते. मग एकशेचाळीसपर्यंत उष्णता वाढवून दोन्हीकडे आळीपाळीनं फिरायचं. मागची कड हलक्या बाल्साची असेल तर दोन रिबच्या मध्ये ती आत ओढली जाते, म्हणून तिथे जरा कडक लाकूड. शेवटी पंख डोळ्यासमोर धरून मागून बघायचा. पीळ चुकला असेल तर दोघांनी मिळून काढावा, एकानं पंख उलट्या दिशेला थोडा जास्तच पिळून धरायचा, दुसऱ्यानं फिल्म पुन्हा तापवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडायचं नाही.

तपशील शेवटी येतात, आणि पुन्हा काट्यापाशी थांबावं लागतं. कॉकपिटमधली माणसं फोमची. सिलिंडरं पातळ प्लास्टिकची किंवा बाल्साचीच, वर दोरा गुंडाळून पाती दाखवता येतात. खिडक्या सीएनं चिकटवायच्या नाहीत, त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते आणि ती परत स्वच्छ होत नाही. पारदर्शक वाळणारा कॅनॉपी गोंद वापरायचा. रंग करायचाच असेल तर फिल्म रंगीत घ्यावी आणि ब्रश फक्त रेघेपुरता. गुळगुळीत चकाकीसाठी दिलेले रंगाचे हात सहज साठ-सत्तर ग्रॅम खातात, आणि दहा मीटरवरून ती चकाकी कुणाला दिसतही नाही. वेग मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. म्हणून कुठला तपशील ठेवायचा यावर वाद झाला, तर मी वेगाच्या बाजूनं असतो. पाच ग्रॅमची बिजागरी ठेवायची असेल तर दुसरीकडून पाच काढायचे. गवतातली ती कब अशाच पाच-पाच ग्रॅमनी दीड किलोवर गेली असणार.

पहिल्या उड्डाणाला वारा नसलेली वेळ धरावी, उंची घ्यावी आणि मोटर अर्ध्यावर आणून विमान हात न लावता सरळ जातं का ते बघावं. मोटरचा जोर वाढवताच नाक वर चढत असेल तर एलिव्हेटरशी, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या पट्टीशी, झगडू नये; मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंमागे एकेक वॉशर घालून तिचं तोंड आणखी थोडं खाली करावं. जोर दिल्यावर डावीकडे ओढत असेल तर वॉशर डाव्या स्क्रूंमागे. कबला नुसत्या एलेरॉननं, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांनी, वळवलं की नाक आधी उलट्या बाजूला जातं. एलेरॉन वर जितकं जातं त्याच्या निम्मंच खाली जाईल अशी जुळणी करावी आणि सोबत थोडं रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, द्यावं. ट्रान्समीटरवर दिलेला ट्रिम, म्हणजे सरळ उडण्यासाठी केलेली बारीक दुरुस्ती, जमिनीवर आल्यावर पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यातून, म्हणजे क्लेव्हिसमधून, काढून घ्यावा. आणि कधी उतरताना रिब मोडल्या, तर फिल्म कापून तुकडे जागेवर बसवायचे, पातळ सीएचा एक थेंब, बाजूला दीड मिलिमीटर बाल्साची जोडपट्टी, वर फिल्मचा ठिगळ. मग पंख पुन्हा काट्यावर ठेवायचा, नवा आकडा यादीत लिहायचा आणि बॅटरी जागेवर ठेवून सीजी बोटांवर तोलून बघायचा, कारण दुरुस्ती शेपटीकडची असेल तर तो एव्हाना मागे सरकलेला असतो.